मोबाईल विहिरीत पडला तर व्हॉट्सॲप जातं, मग बँकेतले पैसे का जात नाहीत?

विहिरीवर मोटार बघायला वाकलं आणि वरच्या खिशातला मोबाईल पाण्यात गेला, असं गावात कुणाचं ना कुणाचं होतंच. नवा फोन घेतला, सिम टाकलं, की बँकेतली शिल्लक जशीच्या तशी दिसते. सातबाराही तोच. पण व्हॉट्सॲपवरचं जुनं बोलणं, बॅकअप घेतलेला नसेल तर गेलं ते गेलंच. असं का होतं?

नोंदी ठेवायच्या तर डेटाबेस लागतो. तो दोन तऱ्हेने चालतो. एक खिशातल्या वहीसारखा आणि दुसरा सोसायटीच्या मोठ्या रजिस्टरसारखा.

खिशातली वही म्हणजे ॲपच्या आतच बसवलेला डेटाबेस. सगळ्या नोंदी तुमच्याच फोनमधल्या एका फाईलमध्ये असतात. ॲप ती फाईल स्वतः उघडतं, वाचतं, लिहितं; मध्ये कुणी कारकून नाही. यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे एसक्यूलाइट. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तो आहे आणि व्हॉट्सॲपचे मेसेजही त्यातच साठतात. त्याचा जन्म मजेशीर आहे. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका प्रोग्रामवर काम करत होते. मागचा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की प्रोग्राम अडायचा, आणि बोलणी खायची प्रोग्राम करणाऱ्याने! तेव्हा सर्व्हरच नको, थेट फाईलमधून वाचू, असं त्यांनी ठरवलं. 2000 साली एसक्यूलाइट आला. तो कुणालाही फुकट वापरता येतो.

बँकेचं काम वेगळं. तिथे फाईलला कुणी थेट हात लावत नाही. ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल असे सर्व्हरवाले डेटाबेस दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालू असतात. तुमचा फोन, एटीएम, शाखेतला कॉम्प्युटर हे सगळे त्याला फक्त विचारतात. समजा नवरा-बायकोच्या जॉइंट खात्यात 5,000 रुपये आहेत. एकाच क्षणी एकाने एटीएममधून आणि दुसऱ्याने शाखेतून 5,000 मागितले, तर सर्व्हर एकाला पुढे घेतो, दुसऱ्याला थांबवतो आणि मग शिल्लक नाही म्हणून सांगतो. कोण काय बघू शकतो, कोण बदल करू शकतो, हेही तोच ठरवतो. अडचण एकच, आणि ती सगळ्यांना पाठ आहे. ‘सर्व्हर डाउन’ झाला की अख्खी रांग ताटकळत उभी!

खिशातल्या वहीला नेट लागत नाही, रांग लागत नाही. पण त्या वहीत एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुकानदार नेमके इथेच फसतात. एका काउंटरवर बिलाचं सॉफ्टवेअर बरं चाललेलं असतं. मग दुसरा कॉम्प्युटर येतो, आणि कुणीतरी तीच फाईल वायफायवरून दोन्हीकडे शेअर करून देतो. मग कधी ‘डेटाबेस लॉक’ असा मेसेज येतो, कधी फाईलच खराब होते आणि वर्षाची उधारी अडकते. दोन काउंटर झाले की सर्व्हरवालं सॉफ्टवेअरच घ्यावं. ते बसवायला थोडा खर्च आणि जाणता माणूस लागतो, एवढंच. एकच काउंटर असेल तर उगाच सर्व्हरच्या नादी लागण्यात अर्थ नाही. रोज रात्री फाईलची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली तरी पुरे.

काही ॲप दोन्ही मिळून चालतात. ई-पीक पाहणीचंच बघा. शिवारात रेंज नसली तरी पिकाचा फोटो आणि माहिती भरता येते, पण तोवर ती फक्त तुमच्या फोनमध्ये असते. रेंजमध्ये येऊन अपलोड केल्यावर ती सरकारच्या सर्व्हरवर पोचते. त्याआधी फोन बिघडला किंवा ॲप काढून टाकलं, तर पीक पाहणी झालीच नाही असं धरलं जातं, आणि फोटो काढायला परत बांधावर जावं लागतं.