घरच्या डार्करूमसाठी एन्लार्जर कसा निवडाल?

मढच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असतात. ओळीखाली ओळ, जबड्यात जबडा अडकवलेला. या दृश्याचा फोटो ३५ मि.मी. फिल्मवर घेतला, तर सगळी वलांडी, तिच्यामागची होडी आणि वरचे आभाळ हे सारे २४ × ३६ मि.मी. एवढ्याशा जागेत मावते. एखाद्या मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढी ही जागा! निगेटिव्ह कागदाला टेकवून छापले, तर चित्रही तेवढेच होणार. त्यात बोंबील कुठला आणि बांबू कुठला, हे ओळखायलाच भिंग हवे.

हे चित्र भिंतीवर लावण्याजोगे मोठे करून देणारे यंत्र म्हणजे एन्लार्जर. आज मोबाईलने फोटो काढणाऱ्या मुलांपैकीही काही जण हौसेने फिल्मकडे वळतात. बंद झालेल्या स्टुडिओंतले जुने एन्लार्जर विकायला येतात, काही शाळांच्या कपाटांतही ते पडून असतात. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, निवड कशी करायची, हा प्रश्न जुना झालेला नाही. उलट तो अधिक महत्त्वाचा झाला आहे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ कागद एकेकाळी आपल्याकडे मिळे. तो कारखाना आता बंद आहे. फोटोचा कागद परदेशातून येतो आणि महाग पडतो. वाईट एन्लार्जर असा कागद पुडक्यांनी वाया घालवतो. आणि निगेटिव्ह घरातल्या जुन्या ट्रंकेतले, एकुलते एक असेल, तर ते खराब होण्याचा धोकाही पत्करता येत नाही.

छोटे निगेटिव्ह, मोठे चित्र

मुंबईचे छायाचित्रणाशी नाते फार जुने आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. पण तेव्हा एन्लार्जरची गरज फारशी भासत नसे. जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी काच कॅमेऱ्यात घालायची आणि तिच्यावरून तेवढाच फोटो छापायचा, अशी रीत होती. साहजिकच कॅमेरे पेटीएवढे मोठे असत.

मोठे चित्र करण्याची खटपट मात्र लवकरच सुरू झाली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डेव्हिड वुडवर्ड याने १८५७ साली ‘सोलर कॅमेऱ्या’चे पेटंट घेतले. त्यात दिव्याचे काम सूर्य करी! सूर्य सरकेल तसे यंत्रही फिरवावे लागे आणि कागदही मंद असल्याने एका चित्राला फार वेळ लागे.

घरातल्या डार्करूमचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दादरचे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा व फिल्म छापण्याची यंत्रे आणली आणि घरातच काम सुरू केले. अंधारात फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके शिकल्या. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. या कामात मात्र एन्लार्जर लागला नाही. याचे कारण असे की, सिनेमाची प्रत निगेटिव्हला टेकवून, त्याच मापाची छापली जाते. चित्र मोठे होते ते थिएटरात, प्रोजेक्टरमधून.

याच सिनेमाच्या ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा जर्मनीत ऑस्कर बार्नाक याने तयार केला. तो १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला. कॅमेरा खिशात मावू लागला आणि एन्लार्जरवाचून छायाचित्रकाराचे पान हलेनासे झाले.

प्रोजेक्टरचा सख्खा भाऊ

एन्लार्जर म्हणजे उभा केलेला प्रोजेक्टरच. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली बहिर्गोल भिंग आणि तळाशी लाकडी पाटावर कागद. वस्तू नाभीच्या जरा पलीकडे ठेवली की तिची खरी, उलटी आणि मोठी प्रतिमा मिळते, हे तुम्ही प्रकाशाच्या धड्यात शिकला आहात. तोच नियम येथे राबतो.

भिंगाचे नाभीय अंतर ५० मि.मी. आहे आणि आपल्याला ६ पट मोठे चित्र हवे आहे, असे समजा. भिंगापासून कागदाचे अंतर काढण्यासाठी विशालनात १ मिळवायचा आणि नाभीय अंतराने गुणायचे. ७ × ५० म्हणजे ३५० मि.मी., अर्थात ३५ सें.मी. निगेटिव्ह मात्र भिंगाच्या वर सुमारे ५८ मि.मी. अंतरावर राहते. चित्र होते १४४ × २१६ मि.मी. म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या ‘फुल प्लेट’ कागदात बसणारे.

याच हिशेबातून प्रकाश देण्याची वेळही कळते. २ पट चित्रासाठी कागद भिंगापासून १५० मि.मी. दूर असतो, ५ पट चित्रासाठी ३०० मि.मी. अंतर दुप्पट झाले, म्हणून प्रकाश एकचतुर्थांश उरला. पहिल्या चित्राला १० सेकंद लागत असतील, तर दुसऱ्याला ४० सेकंद लागतील. व्यस्त वर्गाचा नियम पाठ करण्यापेक्षा असा कागदावर पाहिलेला बरा!

आधी निगेटिव्ह मोजा

दुकानात शिरण्यापूर्वी घरातली निगेटिव्ह बाहेर काढा आणि पट्टीने मोजा. ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भरतो. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ कॅमेरा पूर्वी अनेक घरांत असे. त्याची निगेटिव्ह १२० फिल्मवरची, सुमारे ५६ × ५६ मि.मी., म्हणजे ७९ मि.मी. कर्णाची असतात.

भिंगाचे नाभीय अंतर साधारणपणे या कर्णाच्या जवळपास असावे लागते. म्हणून ३५ मि.मी. फिल्मसाठी ५० मि.मी.चे भिंग वापरतात आणि ६ × ६ सें.मी.च्या निगेटिव्हसाठी ७५ किंवा ८० मि.मी.चे. मोठ्या निगेटिव्हला ५० मि.मी.चे भिंग लावले, तर चित्राचे कोपरे काळोखात बुडतात. उलट, छोट्या निगेटिव्हला ७५ मि.मी.चे भिंग चालते, पण खांब अपुरा पडतो. भिंग कागदापासून जास्तीत जास्त ६० सें.मी. वर नेता येत असेल, तर ५० मि.मी.च्या भिंगाने ११ पट चित्र मिळते, ७५ मि.मी.च्या भिंगाने केवळ ७ पट.

भिंगात काटकसर नको

एन्लार्जरच्या भपकेबाज डोक्याकडे पाहून पुष्कळजण भुलतात. पण चित्र काढते ते भिंग. कॅमेरा कितीही चांगला असला, तरी त्याने टिपलेला बारकावा याच भिंगातून खाली उतरायचा असतो. स्वस्त भिंगात तीन काचा असतात, बऱ्या भिंगात चार आणि उत्तम भिंगात सहा. निकॉनचे ५० मि.मी., एफ २.८ चे ‘एल-निक्कोर’, श्नायडरचे ‘कॉम्पोनॉन’ आणि रोडेनस्टॉकचे ‘रोडागॉन’ ही सहा काचांची नावाजलेली भिंगे.

सोयीची गोष्ट अशी की, अशा बहुतेक ५० मि.मी. भिंगांचे आटे ३९ मि.मी. व्यासाचे असतात. त्यामुळे एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या एन्लार्जरवर बसू शकते. आज साधा एन्लार्जर घेऊन पुढे चांगले भिंग बसवणे शक्य आहे. भिंग पूर्ण उघडे ठेवून चित्र जुळवावे आणि छापताना छिद्र दोन-तीन घरे लहान करावे. त्याहून फार लहान केले, तर विवर्तनामुळे चित्र पुन्हा मऊ होते.

थेट प्रकाश की पसरलेला?

एन्लार्जरचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात दिव्याखाली जाड बहिर्गोल भिंगे असतात आणि ती प्रकाश एकवटून निगेटिव्हमधून पाठवतात. यांना कंडेन्सर म्हणतात. दुसऱ्यात दुधी काच किंवा पांढरी पेटी असते आणि ती प्रकाश सर्व दिशांना पसरवते.

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदीचे सूक्ष्म कण असतात. एकवटलेला प्रकाश या कणांवर आपटून विखुरतो आणि त्यातला काही भाग भिंगापर्यंत पोचतच नाही. जिथे चांदी जास्त, तिथे ही गळतीही जास्त. त्यामुळे कंडेन्सरमधून छापलेल्या चित्रात काळे-पांढरे अधिक ठसठशीत दिसते. आंद्रे कालिए या शास्त्रज्ञाने १९०९ साली याचा अभ्यास केला, म्हणून याला ‘कालिए परिणाम’ म्हणतात. मात्र कंडेन्सर निगेटिव्हवरची धूळ आणि ओरखडेही तितक्याच ठसठशीतपणे दाखवतो! जुनी, घासलेली निगेटिव्ह छापायची असतील, तर दुधी काच अधिक दयाळू ठरते.

विकत घेण्याआधी चार परीक्षा

एक टाकाऊ, पूर्ण काळे निगेटिव्ह घ्या. त्यावर टाचणीने अचूक चौरस कोरा. एवढ्या सामानावर तीन परीक्षा होतात. चौथीला थोडा फोटोचा कागद आणि रसायने लागतात.

पहिली परीक्षा खांबाची. डोके सर्वांत वर न्या, रेघा पाटावर स्पष्ट करा आणि टेबलावर टिचकी मारा. रेघा थरथरून पटकन थांबल्या, तर ठीक. डुलत राहिल्या, तर तो खांब कमकुवत आहे. मग डोक्याचा वरचा भाग भिंतीला पट्टीने जखडावा लागेल.

दुसरी परीक्षा समांतरतेची. पाटावर पडलेल्या चौरसाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. बाजू समान नसतील, तर निगेटिव्ह, भिंग आणि पाट समांतर नाहीत. पाणसळ ठेवून तिन्ही तपासा. जुळवण्याचे स्क्रू नसतील आणि फरक मोठा असेल, तर तो एन्लार्जर घेऊ नका. एक कोपरा स्पष्ट, तर दुसरा पुसट अशी चित्रे तो आयुष्यभर देत राहील.

तिसरी परीक्षा उष्णतेची. रेघा नीट जुळवा, दिवा दोन मिनिटे चालू ठेवा आणि पुन्हा पाहा. रेघा पुसट झाल्या, तर तापून निगेटिव्ह फुगले आहे. उष्णता शोषणारी काच आहे का, ते विचारा.

चौथी परीक्षा प्रकाशाच्या समानतेची. निगेटिव्ह काढून टाका आणि कागदावर केवळ करडा रंग येईल इतका थोडा प्रकाश द्या. कागद धुतल्यावर कोपरे मध्यापेक्षा पांढुरके दिसले, तर तेथे प्रकाश कमी पोचतो.

समुद्रकाठची खबरदारी

मढसारख्या ठिकाणी आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे दमट, खारा वारा. लोखंडी खांबाला गंज चढतो, प्लायवूडचा पाट पावसाळ्यात फुगून वाकतो आणि समांतरता बिघडते. सर्वांत वाईट म्हणजे भिंगावर बुरशी येते. तिचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे काचेवर पसरतात आणि काचेवरचा लेप कायमचा खातात. जुने भिंग घेताना त्यातून दिव्याकडे पाहा. जाळे दिसले, तर भिंग परत करा. काम संपल्यावर भिंग एन्लार्जरवर न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. डार्करूममध्ये हात ओले असतात आणि एन्लार्जरचे अंग धातूचे असते. जुनी वायर जाणकार वायरमनकडून बदलून घ्या आणि अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग वापरा. रसायनांच्या थाळ्या एन्लार्जरपासून दूर, वेगळ्या बाजूला मांडा. स्वयंपाकघरातली भांडी या कामाला वापरू नका. पहिल्या वेळी सोबत मोठे माणूस असू द्या.

मग कोणता घ्यावा?

लाइट्झचा ‘फोकोमॅट’ डोके वरखाली केले तरी चित्र आपोआप स्पष्ट ठेवतो. इटलीचे ‘ड्युर्स्ट’ आणि चेकोस्लोव्हाकियात बनलेले ‘मेओप्टा ओपेमुस’ हेही जुन्या बाजारात दिसतात. नाव कोणतेही असो, शिकणाऱ्यासाठी माझी पसंती अशी आहे: ६ × ६ सें.मी.पर्यंतचे निगेटिव्ह घेणारा, भक्कम खांबाचा, हाताने जुळवण्याचा साधा एन्लार्जर आणि त्यावर ५० मि.मी.चे सहा काचांचे निर्मळ भिंग. आपोआप जुळवणारी यंत्रणा एका ठरावीक भिंगासाठी बसवलेली असते. ती झिजली की दुरुस्ती अवघड. हाताच्या चाकाला असे काही होत नाही. शिवाय मोठे निगेटिव्ह घेणाऱ्या एन्लार्जरमध्ये छोटेही चालते. छोटे घेणाऱ्यात मोठे कधीच बसत नाही.

शाळेत एन्लार्जर पडून असेल, तर शिक्षकांच्या मदतीने आधी वायर तपासून घ्या. मग २, ३, ४ आणि ५ पट विशालनासाठी भिंग ते कागद हे अंतर मोजा. विशालनात १ मिळवून आलेल्या संख्येने प्रत्येक अंतराला भागा. चारही वेळा जवळजवळ एकच उत्तर यायला हवे. ते उत्तर भिंगाच्या कडेवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा.