दोन मिनिटांचं पाणी

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेलं एटीआर विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरलं आणि अमरावतीची नियमित विमानसेवा सुरू झाली. साऱ्यांच्या नजरा विमानावर होत्या. पण असं विमान उतरायचं तर धावपट्टीजवळ आणखी एक वाहन सज्ज लागतं, आणि त्याची कहाणी विमानाइतकीच अद्भुत आहे. ते वाहन म्हणजे क्रॅश फायर टेंडर, विमानतळाचा बंब.

हा बंब किती मोठा हवा, हे कशावरून ठरत असेल? शहराच्या लोकसंख्येवरून? प्रवाशांच्या संख्येवरून? नाही, विमानाच्या लांबी-रुंदीवरून! एटीआर-७२ सत्तावीस मीटरांहून किंचित लांब. आंतरराष्ट्रीय तक्त्यात २४ ते २८ मीटरची विमानं दहापैकी पाचव्या श्रेणीत येतात. उड्डाणं थोडी असतील तर एका श्रेणीची सूट मिळते. पाचवीसाठी किमान एक बंब, ५,४०० लिटर पाणी आणि मिनिटाला ३,००० लिटर मारा.

आता भागाकार करून बघा. टाकी दोन मिनिटांच्या आत रिकामी! आणि या विमानात इंधन मावतं ५,००० किलो, म्हणजे सहा हजार लिटरांहून जास्त. इंधनापेक्षा पाणीच कमी?

इथेच या शास्त्राची कमाल आहे. हा बंब सगळी आग विझवायला धावतच नाही. विमानाच्या धडाभोवतीची आग मिनिटभरात आटोक्यात आणायची आणि आतल्या माणसांना बाहेर पडायला वाट ठेवायची, एवढ्याचसाठी ते पाणी मोजलेलं असतं. धडाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ६६० अंशांच्या आतच वितळणारा. जळत्या इंधनाची धग त्याच्या कितीतरी पुढे जाते. पंख जळाला तर जळू दे, माणसं वाचली पाहिजेत!

पण नुसतं पाणी मारलं तर? इंधन पाण्याहून हलकं. पाणी तळाशी जाईल आणि आग वर तरंगत पसरत राहील. म्हणून पाण्यात थोडं फोमचं द्रावण मिसळतात. दुधावर साय धरावी तसा फेस इंधनावर पसरतो, वाफा कोंडतो, हवा तोडतो.

शहरातला बंब आधी थांबतो, मग पाणी मारतो. याला थांबायला सवड कुठे? हा धावता धावताच फेस फेकतो. टपावरची तोफ केबिनमध्ये बसून फिरवता येते. आणि पाच टनांहून जास्त पाणी पोटात घेऊन ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठायचा! कारण धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचलंच पाहिजे, शक्यतो दोनच मिनिटांत. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं म्हटलं, तरी या वेगाने पावणेदोन मिनिटं पुरतात.

अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी १९४३ची, जेमतेम १,४०० मीटरची. ती वाढावी ही मागणी जुनी आणि रास्त आहे. पण तिथे एटीआर उतरायचं तर नुसती लांबी वाढवून भागणार नाही, बंबही तेवढ्याच ताकदीचा लागेल.

आणि जिथे असा एकच बंब आहे, तिथे तो बंद पडला आणि बदली मिळाला नाही, तर? विमानतळाची श्रेणीच घसरते, आणि तशी सूचना वैमानिकांसाठी लगेच जारी करावी लागते.