विश्लेषण : मुख्य राउटर बंद पडल्यास कारभार कोणाकडे जातो?

बँकेची शाखा असो वा रुग्णालय, इंटरनेटच्या वाटेवर बहुधा दोन राउटर बसवलेले असतात. एक काम करतो, दुसरा राखीव. पहिला गेला, हे दुसऱ्याला कसे कळते? आणि राखीव दोन-तीन असतील, तर पुढे कोण येतो?

एक पत्ता, अनेक दावेदार

कार्यालयातील संगणकांना बाहेर पडण्यासाठी एकच ‘गेटवे’ पत्ता दिलेला असतो. हा पत्ता एका यंत्राचा न ठेवता राउटरच्या गटाचा ठेवतात. जो सक्रिय, तो त्या पत्त्यावर उत्तर देतो. यासाठीचा खुला नियमसंच म्हणजे व्हीआरआरपी. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ च्या आवृत्तीत ‘मास्टर’ हा शब्द जाऊन ‘अ‍ॅक्टिव्ह’ आला. सिस्कोचा एचएसआरपी याच जातकुळीतला.

निवड कशी होते?

तंत्रज्ञ याला ‘निवडणूक’ म्हणतात, पण यात मतदान नसते. अभियंता प्रत्येक राउटरला १ ते २५४ मधला प्राधान्य-अंक देतो. न दिल्यास १०० धरला जातो. सक्रिय राउटर दर सेकंदाला ‘मी आहे’ असा संदेश पाठवतो, राखीव फक्त ऐकतात. तीन सेकंद शांतता राहिली, तरी राखीव लगेच उठत नाहीत. खरी गंमत इथेच आहे. २५६ मधून आपला अंक वजा करून उत्तराला २५६ ने भागायचे. येईल तितके सेकंद प्रत्येक जण आणखी थांबतो. म्हणजे २०० अंकवाला सुमारे ३.२२ सेकंदांनी उठतो, १०० अंकवाला ३.६१ सेकंदांनी. पहिल्याचा संदेश ऐकून दुसरा गप्प बसतो. अंक सारखेच असून दोघे एकदम उठले, तर ज्याचा आयपी पत्ता संख्येने मोठा, तो टिकतो.

घोळ कुठे होतो?

शांततेचा अर्थ हा नियम एकच लावतो : समोरचा गेला. पण दोघांमधली केबल तुटली तरी शांतताच असते. मग दोघेही स्वतःला सक्रिय समजून एकाच पत्त्यावर उत्तरे देऊ लागतात. संपर्क अधूनमधून तुटतो आणि कारण सापडता सापडत नाही, कारण दोन्ही यंत्रे वरकरणी ठणठणीत दिसतात.

उलटेही घडते. सक्रिय राउटरची बाहेरची लाइन तुटलेली असते, पण आत तो ‘मी आहे’ सांगतच राहतो. राखीव निवांत, कार्यालय ठप्प. म्हणून लाइन तुटताच स्वतःचा अंक घटवण्याची ‘ट्रॅकिंग’ची सोय वापरतात. इथे साधी वजाबाकी चुकली तरी महागात पडते : १२० मधून १० गेले आणि राखीव १०० वर असेल, तर काहीच बदलत नाही.

जुना परतल्यावर?

व्हीआरआरपीमध्ये मोठ्या अंकाचा राउटर परतताच जागा परत घेतो. एचएसआरपीमध्ये तशी सूचना मुद्दाम द्यावी लागते. मात्र नुकत्याच सुरू झालेल्या राउटरला पुढचे मार्ग अजून माहीत नसतात, तोवर त्याच्याकडे आलेला डेटा हरवू शकतो. त्यामुळे या परतीला थोडा विलंब लावून ठेवण्याची पद्धत आहे.