जर्मनीतली रायफल नगरला कशी येते?

कानात हेडफोन असतील तर ऐका, एसटीत नेटवर्क जात असेल तर वाचा. आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे गाळलेत.

नगरच्या पोराला गोळीबाराचं अप्रूप नसतं. के. के. रेंजवर सराव सुरू असला की धडाम आवाज लांबवर येतात. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथंच, आणि रणगाडा संग्रहालयात शाळेची सहल आपल्यातल्या बहुतेकांची झालेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं, तेवढं चालवून घ्या.

तर विषय. मी हौशी नेमबाज आहे. चार वर्षं एअर रायफल केली, मग .२२ ची ओढ लागली. माझा मावसभाऊ जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या ओळखीतला एकजण वापरलेली अ‍ॅन्शुट्झ मॅच रायफल विकत होता. भावानं फोटो पाठवला. खाली मेसेज: "डिसेंबरला येतोय. सुटे भाग करून बॅगेत टाकू का?"

मी उत्तर दिलं, "चालेल."

रात्री तोच फोटो मोठ्या कौतुकानं आमच्या सरांना पाठवला. दोन मिनिटांत फोन. "अरे, तू भावाला जेलमध्ये पाठवतोयस. आत्ता फोन कर त्याला." आजचा भाग त्या एका 'चालेल'मुळे आहे.

आधी सरळ भाषेत कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम ३ सांगतं की बंदूक घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो. कलम १० वेगळं आहे. भारतात शस्त्र आणायला किंवा बाहेर न्यायला त्याचा स्वतंत्र परवाना लागतो. म्हणजे घरात बंदुकीचा परवाना असला तरी तो विमानतळावर आयातीचा परवाना होत नाही.

आता 'सुटे भाग' प्रकरण. कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. बॅरल एका बॅगेत आणि बाकीचं दुसऱ्या बॅगेत, ही हुशारी नाही. उलट लपवायचाच इरादा होता, असं दिसतं.

आणि शिक्षा? विनापरवाना शस्त्र देशात आणण्याला तुरुंगवास आहे. "साहेब, खेळासाठी आणली" म्हटल्यानं ती तशी विनापरवानाच राहते.

परदेशात बरीच वर्षं राहून कायमचा परतणारा माणूस काही अटींवर, परवानगीच्या बोअरचं एक शस्त्र आणू शकतो. पण ते त्यानं तिकडे स्वतः बाळगलेलं आणि वापरलेलं असावं लागतं. महिनाभर सुट्टीला येणारा मावसभाऊ त्यात बसत नाही.

'रिस्ट्रिक्टेड' हा शब्द दोनदा येतो

इथं माझाही गोंधळ झाला होता. एक निर्बंध शस्त्राच्या प्रकारावर असतो. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल .२२ लाँग रायफल बोअरची, म्हणजे ५.६ मिलिमीटर. त्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफलचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देऊ शकतात, म्हणजे आपल्या कलेक्टर ऑफिसात अर्ज. पण .३०३ किंवा ७.६२ ची लष्करी काडतुसं चालतील अशी रायफल असेल, तर ती शस्त्र नियम २०१६ प्रमाणे निर्बंधित गटात जाते. तो विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाचा. ३०० मीटरच्या मोठ्या रायफलींची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी बोअर बघावा.

दुसरा निर्बंध आयातीवर असतो. बोअर परवानगीचा असला तरी परदेशातून मागवणं कुणालाही खुलं नाही. ही वाट मुख्यतः नामांकित नेमबाज, रायफल क्लब आणि क्रीडा संघटना यांच्यासाठी आहे. त्यालाही शिफारस लागते आणि विदेश व्यापार महासंचालनालयाची मंजुरी लागते.

नामांकित म्हणजे पेपरात नाव आलेला नव्हे. राष्ट्रीय स्पर्धेत खुल्या गटात उतरून नॅशनल रायफल असोसिएशननं ठरवलेला किमान स्कोअर ज्यानं गाठलाय, तो. १९५१ मध्ये ही संघटना स्थापन झाली आणि पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जायची पायरी आहे.

थोडक्यात, पैसे असले म्हणून रायफल येत नाही. स्कोअर असला तर यायची वाट उघडते.

कागद कुठल्या क्रमानं?

समजा तुमचा स्कोअर झालाय. मग क्रम असा. आधी शस्त्र परवाना: अर्ज, पोलीस पडताळणी, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. परवान्याची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये होते आणि त्याला यूआयएन नंबर मिळतो. मग संघटनेची शिफारस. मग आयातीची मंजुरी. आणि त्यानंतर विक्रेत्याला पैसे.

आपण करतो नेमकं उलटं. आधी टोकन देऊन रायफल अडवून ठेवतो आणि मग कागदाच्या मागे पळतो.

समोरच्या देशाचंही असंच असतं. उल्म हे जर्मन शहर नेमबाजांची पंढरी. अ‍ॅन्शुट्झ तिथली, वॉल्थरही तिथली. पण युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे रायफल बाहेर पाठवायला निर्यात परवाना लागतो, आणि तो देण्याआधी घेणाऱ्या देशानं आयातीला मंजुरी दिलीय का, हे बघतात. म्हणजे आपला कागद नसेल तर त्यांचा निघत नाही. शिवाय जर्मनीत रायफल घ्यायलाच शस्त्र बाळगायचं कार्ड लागतं. माझ्या भावाकडे तेही नव्हतं. एका मेसेजमध्ये आम्ही दोन देशांचे कायदे मोडायला निघालो होतो!

रायफल आली की कस्टम. प्रवाशाच्या सामानात जी ड्यूटी-फ्री सवलत असते, त्यात बंदूक धरत नाहीत. क्रीडा संघटना आणि नावाजलेल्या खेळाडूंना खेळाच्या साहित्यावर ड्यूटीत सूट आहे, पण ती प्रमाणपत्र दाखवून, ठरलेल्या अटींवर.

मग नवख्यानं करायचं काय?

एअर रायफल. .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही, ओळखपत्र दाखवून मिळते. आणि ती खेळणं नाही. १० मीटरवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. अंजली भागवत सिडनी २००० च्या अंतिम फेरीत पोहोचल्या त्या एअर रायफलवरच.

.२२ साठी आधी क्लबची रायफल वापरा. नगरहून बालेवाडी साधारण सव्वाशे किलोमीटर. मी रविवारी पहाटेची एसटी पकडतो. स्कोअर वाढला की होतकरू नेमबाज म्हणून परवान्याचा रस्ता आहे. फेब्रुवारी २०२० पासून अशा नेमबाजाला आपल्या प्रकारातली २ शस्त्रं ठेवता येतात, आधी १ च होतं. सरावासाठी .२२ ची काडतुसं वर्षाला १,००० ऐवजी ५,००० पर्यंत झाली.

परवाना मिळाला की देशातल्या परवानाधारक नेमबाजाची वापरलेली रायफलही घेता येते. विकणाऱ्यानं आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ती रायफल आयातीची असेल तर तिच्यावर विक्रीच्या काय अटी आहेत, तेही बघायचं.

खूप वेळखाऊ वाटतंय ना? मलाही वाटलं. चांगल्या मुलाच्या हातात चांगली रायफल उशिरा पडते, ही तक्रार खरीच आहे. वडिलांचा पगार बेताचा असेल तर लाखांच्या घरातली रायफल कागद असूनही लांबच राहते. पण आपल्याच राज्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे बघा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक. त्याच्याआधी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. बॅगेत लपवलेल्या रायफलीनं यातली एकही स्पर्धा खेळता आली नसती. रेंजच्या दारातच परवाना विचारतात.

त्या रात्री मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, मला वाटलं क्रिकेटच्या बॅटसारखंच असेल." मलाही तसंच वाटलं होतं, हे मी कबूल केलं. डिसेंबरला तो आला, बॅगेत चॉकलेटं आणि माझ्यासाठी नेमबाजीचा एक ग्लोव्ह. तो अजून वापरतोय. रायफल क्लबचीच आहे.

तुमचा कुणी भाऊ, मामा, मित्र परदेशातून "आणू का?" विचारत असेल, तर हा भाग त्याला फॉरवर्ड करा. 'चालेल' म्हणायच्या आधी. भेटू पुढच्या भागात.