गिटार एकाची, अर्धा तास दोघांचा

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

‘हौसेला मोल नाही’ असं आपण सहज बोलून जातो. हौस असली की माणूस किंमत पाहत नाही, असा त्याचा अर्थ. पण श्रोतेहो, थोडा विचार केला तर लक्षात येतं की हौसेला मोल असतंच. ते दरवेळी हौस करणाऱ्याच्याच खिशातून जातं असं मात्र नाही. कुणाला डोंगर चढायचा नाद असतो, कुणाला जुन्या नाण्यांचा, कुणाला नाटकाचा. आज बोलायचं आहे ते गिटारच्या नादाबद्दल. आणि त्याहीपेक्षा, हा नाद ज्या घरात शिरतो त्या घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल. म्हणजे बायकोबद्दल किंवा नवऱ्याबद्दल.

‘घरच्यांचा पाठिंबा होता म्हणून छंद टिकला’ हे वाक्य सत्काराच्या भाषणात हमखास येतं. टाळ्याही पडतात. पण हा पाठिंबा नेमका कशाचा बनलेला असतो, हे सहसा कुणी सांगत नाही. ते समजून घ्यायचं तर आधी हे वाद्य घराकडून काय मागतं ते पाहावं लागेल.

गिटारला सहा तारा. तारा पोलादी असतील तर सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. चांगला वाढलेला एक माणूस लोंबकळावा, एवढा हा ताण. या तारा डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांनी लाकडी पट्टीवर दाबून धरायच्या. पहिले दोन-तीन आठवडे बोटं हुळहुळतात, पाण्यात हात घातला तरी झोंबतं. मग हळूहळू टोकांना घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर ताण बराच कमी, म्हणून चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करणाऱ्यांना ती जास्त मानवते.

बोटं सरावतात, पण घरच्यांच्या कानांचं काय? इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपलं संगीत एकामागून एक येणाऱ्या स्वरांचं. नवशिक्या पेटीवर बसला तरी चार दिवसांत एखाद्या आरतीची ओळ काढतो आणि घरातलं कुणी ना कुणी ती गुणगुणायला लागतं. गिटारचं तसं नाही. तिथे बहुधा आधी शिकवतात ती कॉर्ड, म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवणं. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, ग आणि प एकदम छेडायचे. एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर बोटं न अडखळता गेली पाहिजेत, म्हणून तोच बदल पन्नास वेळा, शंभर वेळा करायचा. ‘एफ’ नावाच्या कॉर्डला एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबाव्या लागतात. तिथे तर महिना-महिना खडखडाटच होतो.

म्हणजे पहिले तीन-चार महिने घरात जे ऐकू येतं ते गाणं नसतं. ती गाण्याची नुसती साथ असते, तीही तुकड्यातुकड्यांनी. फोडणी तडतडते आहे आणि वरणाचा पत्ता नाही, असा हा प्रकार. शिकणाऱ्याच्या मनात गाणं चालू असतं, त्यामुळे त्याला कंटाळा येत नाही. दुसऱ्याच्या कानावर मात्र फक्त तडतड येते. ‘अहो, तेच तेच काय वाजवताय?’ या प्रश्नात राग कमी आणि खरोखरचं कुतूहल जास्त असतं. तेव्हा ‘तुला संगीतातलं कळत नाही’ म्हणण्याऐवजी ते गाणं एकदा तोंडानं म्हणून दाखवावं आणि खाली साथ कशी बसते ते ऐकवावं. एवढ्यानं निम्मी तक्रार मिटते. आपण काय सोसतो आहोत हे कळलं की सोसणं सोपं होतं.

आता हे वाद्य आपल्या गावात, आपल्या घरात आणू. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, शहागंज डोळ्यांसमोर आणा. घड्याळाचा मनोरा, साधारण १७२० च्या सुमारास बांधलेली शहागंज मशीद, भोवती बाजार, जवळच राजाबाजारात संस्थान गणपती. अशा जुन्या वस्तीत घराला घर लागलेलं असतं. एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका आणते, मग गिटारचा आवाज भिंतीआड कसा राहणार? सकाळी बाजार जागा होतो, दुपारी म्हातारी माणसं पडतात, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. अजानची वेळ असते, आरतीची वेळ असते. या सगळ्यांतून शेजारधर्म सांभाळून वाजवायला अर्धा तास काढायचा म्हणजे मोकळ्या जागेचा नव्हे, मोकळ्या वेळेचा शोध असतो. आणि तो शोध बहुतेक वेळा वाजवणारा घेत नाही, घरातलं दुसरं माणूस घेतं. ‘साडेसहा ते सात वाजवा, तेव्हा शेजारच्या काकू भाजी आणायला गेलेल्या असतात,’ हे ज्याला ठाऊक असतं त्याच्या हातात गिटार नसते.

हवेचंही तसंच. गिटार लाकडाची आणि लाकूड हवेतली ओल शोषतं, सोडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान असली की हे वाद्य सुखात राहतं. मराठवाड्याचा उन्हाळा त्याहून कितीतरी कोरडा. अशा हवेत पातळ लाकडाला चीर जाते, मान वाकते. उलट कूलरच्या थेट झोतात ठेवली तर ते लाकूड फुगतं आणि तारांना गंज चढतो. उन्हाळ्यात गिटार खोळीत, बाहेरच्या तापलेल्या भिंतीपासून आणि कूलरपासून दूर ठेवावी. आता दोन खोल्यांच्या घरात अशी जागा म्हणजे बहुधा कपाटाशेजारचा तो एकच कोपरा, जिथे आजवर दुसऱ्या कुणाचं तरी शिलाई मशीन होतं.

मोल कोण मोजतं, याची इथे कल्पना यायला लागते. त्यातलं सगळ्यांत मोठं मोल वेळेचं आहे. गिटार रोज थोडी वाजवलेली बरी. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास हाताला जास्त शिकवतो. पण हा रोजचा अर्धा तास येतो कुठून? केंद्र सरकारनं २०२४ साली घेतलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात असं दिसलं की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे जातात ८८ मिनिटं. आणि असा हात लावणाऱ्या पुरुषांची संख्याही स्त्रियांच्या मानानं बरीच कमी. नवऱ्याचा अर्धा तास सहज निघतो, कारण तो आधीच कुणीतरी काढून ठेवलेला असतो.

कलेच्या मागे उभ्या राहिलेल्या जोडीदारांची आपल्याकडची उदाहरणं या दृष्टीनं पाहण्यासारखी आहेत. कुमार गंधर्वांचा विवाह १९४७ साली भानुमतींशी झाला. त्या स्वतः गाणं शिकलेल्या. लवकरच कुमारांना क्षयानं गाठलं आणि १९४८ साली हे दांपत्य कोरड्या हवेसाठी देवासला गेलं. सुमारे पाच वर्षं कुमारांचं गाणं बंद होतं. या काळात भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि त्यांची शुश्रूषा केली. पुढचे कुमार गंधर्व आपल्याला मिळाले, त्यात या वर्षांचा वाटा मोठा आहे. १९६१ साली भानुमती गेल्या. त्यांचं स्वतःचं गाणं मात्र आपल्या कानांवर फारसं आलं नाही.

दुसरं उदाहरण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचं. त्यांचा विवाह १९४६ चा. पु.लं.ना पेटीचं किती वेड होतं आणि ते ती किती सुरेख वाजवत, हे सर्वांना माहीत आहे. घराच्या व्यवहाराची बाजू कुणी उचलली, हे सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’ या १९९० साली आलेल्या पुस्तकात लिहिलं, तेव्हा अनेकांना धक्का बसला. प्रेम नव्हतं असं त्या म्हणत नव्हत्या. प्रेम होतं आणि तरीही हिशेब होता, हे सांगण्याचं धैर्य त्यांनी दाखवलं. पण याच दोघांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांचे जाहीर वाचनाचे कार्यक्रमही केले. तिथे एक कलावंत आणि दुसरं त्याला सांभाळणारं असा प्रकार नव्हता. दोघंही कविता वाचत होती.

तिसरं उदाहरण थेट गिटारचं. भूपिंदर सिंग यांना आपण गायक म्हणून ओळखतो, पण ‘दम मारो दम’ या १९७१ सालच्या गाण्यात वाजलेली गिटार त्यांची. गझलेच्या साथीला स्पॅनिश गिटार आणण्यातही ते पुढे होते. मिताली मुखर्जी या गायिकेशी विवाह झाल्यावर दोघांनी मिळून गझला गायल्या, मैफली केल्या. २०२२ साली भूपिंदर गेले, तोवर ही जोडी रसिकांच्या मनात एकत्रच होती.

या तीन संसारांत पाठिंब्याचे तीन प्रकार दिसतात. एकात जोडीदार सगळा भार घेतो. दुसऱ्यात भार घेतो, पण बोलतोही. तिसऱ्यात दोघं एका सतरंजीवर बसतात. आपण काही कुमार गंधर्व नाही. आपल्या नादासाठी कुणाचं आयुष्य खर्ची पडावं, एवढं मोठं आपलं वादन नाही. म्हणूनच हौशी माणसानं तिसऱ्या प्रकाराकडे पाहावं.

‘पण आमच्याकडे तिला गाता येत नाही,’ असं कुणी म्हणेल. गाता यायला हवं असं नाही. गिटार शिकणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण तालाची असते. बोटं पुढच्या कॉर्डवर जाईपर्यंत उजवा हात थांबतो, आणि हात थांबला की ताल तुटतो. समोर कुणी टाळी धरून बसलं तर थांबता येत नाही. चुकलेला स्वर मागे टाकून पुढे जावंच लागतं. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या बाईला आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा अंगवळणी पडलेला असतो. चित्रपटगीतांच्या साथीचे बरेचसे ठेके याच दोन हिशेबांत बसतात. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं तिनं टाळ धरला, तर शिकवणीच्या महिन्याभरात होत नाही ते काम होतं. आणि मग ती ‘सोसणारी’ राहत नाही, साथीदार होते.

आता हाच प्रश्न उलटा करून पाहू. आपल्याकडे कितीतरी मुली लग्नाआधी गाणं शिकत, पेटी वाजवत. बघण्याच्या कार्यक्रमात ‘एखादं गाणं म्हण गं’ अशी फर्माईश होई. लग्न झालं, पेटी माळ्यावर गेली आणि भाते उंदरांनी खाल्ले. तिला कुणी मनाई केली होती असं नाही. तिचा अर्धा तास कुणी काढून ठेवला नाही, एवढंच. आज पंचेचाळिशीतली एखादी बाई मुलाची पडून राहिलेली गिटार हातात घेते, तेव्हा नवरा म्हणतो, ‘शीक की, मी कुठे नाही म्हणतो?’ श्रोतेहो, ‘नाही न म्हणणं’ म्हणजे पाठिंबा नव्हे. साडेसहा ते सात या वेळात कुकर लावणं, दार वाजलं तर उघडणं, आईंना चहा देणं, आणि ‘तुझं झालं का?’ असं दोनदा न विचारणं, याला पाठिंबा म्हणतात. तो तोंडानं देता येत नाही, हातानंच द्यावा लागतो.

तेव्हा ज्यांच्या घरी गिटार येऊ घातली आहे त्यांनी तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात. एक, पैसा. शिकण्यापुरती गिटार काही हजारांत येते, पण तारा, शिकवणी आणि पुढे ‘याहून चांगली’ गिटार असा खर्च वाढत जातो. आकडा दोघांनी मिळून ठरवावा आणि लपवू नये. दोन, वेळ. ती ठरलेली असावी, म्हणजे घर तिच्याभोवती आपली कामं लावून घेतं. ‘मूड आला की वाजवीन’ म्हणणाऱ्याच्या घरात सगळ्यांनाच दिवसभर तयार राहावं लागतं. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: जेवढा अर्धा तास आपण घेतला, तेवढाच दुसऱ्याला मिळाला पाहिजे. त्यात त्यानं गिटार ऐकायलाच हवी असं नाही. कुणी वाचेल, कुणी विणकाम करेल, कुणी शहागंजात चक्कर मारून येईल. कुणी नुसतं डोळे मिटून पडेल. तोही छंदच समजावा.

आणि जोडीदारानंही एक करावं. वाजवून झाल्यावर ‘छान’ एवढंच म्हणून उठू नये. ‘मधे दोनदा थांबलात, कालच्यापेक्षा एकदा कमी,’ एवढं सांगितलं तरी पुरे. कारण कौतुक कुणीही करतं. काल किती वेळा थांबलो होतो, हे मात्र रोज ऐकणाऱ्यालाच ठाऊक असतं.