माहिती चौकट : स्टोअरबाहेरचं अ‍ॅप

फरीदाबादपासून पुण्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल येते. ती बसवली आणि एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी थेट भामट्याच्या हाती जातो. म्हणून स्टोअरबाहेरच्या अ‍ॅपवर सरसकट बंदीच घाला, अशी मागणी होते. ती चुकीची आहे.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप देण्याची वाट अडवू नका, असंही बजावलं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ही अट रद्द केली. मार्च २०२४मध्ये गूगलने शुल्काच्या वादातून काही भारतीय अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली आणि काही दिवसांत परत घेतली. दरवाजा एकच असला, की त्याची किल्ली कुणाच्या हाती जाते हे तेव्हा दिसलं. युरोपीय संघात मार्च २०२४पासून आयफोनवरही पर्यायी स्टोअर चालतात. भारतात अजून नाही. अँड्रॉइडवर मात्र फोनपेचं इंडस अ‍ॅपस्टोअर मराठीतही उपलब्ध आहे.

म्हणून स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवण्याची मुभा राहावीच, तिच्यासोबत ठळक इशाराही हवा. चलान तपासायचं तर परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. अनोळखी एपीके उघडू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.