आधी ‘कशी जळाली?’ हे विचारणे थांबवा

शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर बाई भाजली की गावात पहिला प्रश्न उठतो, ‘कशी जळाली?’ स्टोव्ह भडकला, चुलीवर पदर पेटला, स्वतःच ओतून घेतले की कुणी पेटवून दिले? पोलिसांनी हे विचारलेच पाहिजे, ते त्यांचे काम आहे. परंतु शेजारीपाजारी, पाहुणेरावळे खाटेभोवती बसून तेच विचारू लागतात तेव्हा ती बाई दुसऱ्यांदा जळते. तिला सहानुभूती द्यायची की टोमणे मारायचे, हे त्या उत्तरावरून ठरते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : भाजलेल्या माणसाचा सन्मान त्याच्या जळण्याच्या कारणावर अवलंबून असता कामा नये.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण जास्त भाजलेल्या रुग्णाला ठाणे, शीव किंवा ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरची वाट धरावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरील उपचार येतात. जखम भरली की सुटी मिळते आणि खरे हाल तेथून सुरू होतात. कातडी आखडते, मान वळत नाही, बोटे जुळतात, रात्ररात्र खाज सुटते. महिनोन्महिने व्यायाम आणि दाब देणारे घट्ट कपडे लागतात. रोजची मजुरी बुडवून, एस.टी. आणि लोकलचे भाडे भरून पुन्हा पुन्हा जाणार कोण?

आणि मनाचे काय? आग डोळ्यांसमोरून हटत नाही, झोप लागत नाही, चुलीजवळ जाण्याची भीती वाटते. घरचे आरसा लपवतात. कुणी बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतो. ही मनाची जखम आहे आणि तिच्यावर उपचार आहेत, हे सांगायला रुग्णाजवळ कुणी नसते.

कायदाही ‘कशी जळाली?’ याच प्रश्नात अडकला आहे. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांना किमान ३ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१५ साली खासगी रुग्णालयांनीही त्यांच्यावर मोफत उपचार करावेत, असे बजावले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना दिव्यांगांत स्थान दिले. हे योग्यच झाले. पण रॉकेलने, गॅसने किंवा कारखान्यात भाजून चेहरा तसाच विद्रूप झाला तर? अ‍ॅसिड हल्ला पीडिताच्या व्याख्येत तो माणूस बसत नाही. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात स्फोट झाले. मृतांचे आकडे छापून आले. भाजून जगलेल्यांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारले?

जिने स्वतःला पेटवून घेतले, तिलाही गुन्हेगार समजू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ सांगते की, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे. तिला शिक्षा नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

एखाद्याला पाहून अंग चोरून बाजूला सरकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. आपल्या बापजाद्यांनी ते पाणवठ्यावर सोसले आहे. तेच आपण भाजलेल्या बहिणीशी करणार असू, तिला लग्नाला-बारशाला बोलावणार नसू, तर घटनेच्या उद्देशिकेतील ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आपण नुसतेच पाठ केले, असे म्हणावे लागेल.

म्हणून आमची मागणी आहे की, विद्रूपतेचे कारण न पाहता अशा साऱ्यांना दिव्यांग कायद्यात स्थान द्या. तालुक्याच्या रुग्णालयातच समुपदेशक आणि व्यायामोपचार द्या, पुढच्या उपचारांसाठी प्रवासभाडे द्या. कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. तालुका विधी सेवा समितीकडून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेथवर रुग्णाला पोहोचवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून द्या. भाजलेल्या माणसाकडे टक लावून पाहू नका, मानही फिरवू नका. नावाने हाक मारा, शेजारी बसा आणि एवढेच विचारा, ‘तुला काय हवे?’